बशीत थिजवलेला चहा

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनच्या पडद्यावर तुम्ही मला चहा घेताना पाहिलंत आणि धाकटीने विचारलं, "आजी, तू चहा चमच्याने खातेस?" तुमच्या आईने तिला मागून गप्प केलं. गप्प करण्यासारखं त्यात काही नव्हतं. हो, मी हल्ली चहा खाते. माझ्या घशाला आता पातळ पदार्थ सांभाळता येत नाही. साधं पाणीसुद्धा पोटाच्या वाटेने जाण्याऐवजी श्वासाच्या वाटेने जातं आणि ठसका लागतो. म्हणून डॉक्टरांनी एक पावडर दिली आहे. ती ढवळली की कपातल्या चहाची खळ होते, आणि ती मी चमच्याने गिळते.

हे आत्ताच लिहायला घेतलं, कारण हे दुखणं मला नवं नाही. मी ते एकदा अगदी जवळून, हातात चमचा धरून पाहिलं आहे. ते पुढे कुठे जातं हेही मला माहीत आहे. अजून हात चालतो आहे आणि गोष्टी क्रमाने आठवताहेत, तोवर सांगून टाकते. तुमच्याकडे थिजवलेला चहा काचेच्या पेल्यात घालून हॉटेलात गोड पदार्थ म्हणून मिळतो, असं थोरल्याने मागे सांगितलं होतं. आमच्या घरी तो एका बाईच्या घशाखाली काहीतरी उतरावं म्हणून झाला.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आपलं घर तेव्हा मानवतला होतं. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो, कापसाची आडत चालवायचे. तुमचे आजोबा हायस्कुलात गणित शिकवायचे. माझं शिक्षण हैदराबादला इंग्रजी शाळेत झालं होतं. तिथे आम्हा मुलींना गृहशास्त्राच्या तासाला जेली, पुडिंग असले पदार्थ शिकवत. मानवतच्या चुलीवर त्यांतलं काहीच कधी लागलं नव्हतं. लग्न होऊन आल्यावर मी भाकरी थापायला शिकले, आणि ती मला शिकवली माझ्या सासूबाईंनी. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

आत्याबाईंबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. आपण लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असतं, ते तुम्ही माझ्या गळ्यात पाहिलं आहे. सकाळी अंघोळ झाली की ते काढून डाव्या तळव्यावर घ्यायचं, उजव्या हाताने पाणी, विभूती, बेलाचं पान वाहायचं, आणि मगच तोंडात काही घालायचं. मी हे करते, पण कधी राहिलं तर राहतं. आत्याबाईंचं कधी राहिलं नाही. आणि पूजा झाली की त्यांना पहिल्यांदा लागायचा तो चहा. कपातून नाही, बशीतून. भरपूर साखर, शेळीचं दूध. बशी दोन्ही हातांनी ओठांशी धरून त्या असा फुरका मारायच्या की ओसरीवर आप्पांना ऐकू जायचा.

"झालं, भोंगा वाजला," आप्पा म्हणायचे. "आता जिनिंग चालू होतंय बगा."

"तुमच्या सरकीपेक्षा माजा च्या बरा," आत्याबाई आतून म्हणायच्या. "त्याचा भाव पडत न्हाई."

चैत्र संपत आला होता. सकाळी चुलीवरून भाताचं पातेलं उतरवताना ते त्यांच्या डाव्या हातातून सुटलं. मी धावले तोवर त्या चुलीशेजारी कलंडल्या होत्या आणि त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. गावातले डॉक्टर आले. अर्धांगवायू म्हणाले. डावं अंग पूर्ण गेलं होतं. शुद्ध होती, डोळे सगळ्यांना ओळखत होते, पण जिभेवरचे शब्द लोळत होते. वालूरला त्यांची मुलगी दिली होती, तुमच्या आजोबांची बहीण. तिला मी अक्का म्हणायची, वयाने माझ्याहून थोडीच मोठी. निरोप मिळाला तशी ती पहिल्या बसने आली आणि दारातूनच रडत आत शिरली.

पहिल्या दिवशी आम्ही जे केलं ते कुणीही केलं असतं. पाणी पाजलं. अक्काने आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने पाणी सोडलं. आत्याबाईंनी ते घेतलं, आणि पुढच्याच क्षणी त्यांचा श्वास अडकला. छाती वर उचलली गेली, डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडले. खोकून खोकून ते पाणी नाकातून बाहेर आलं. आम्ही घाबरून थांबलो. थोड्या वेळाने दूध देऊन पाहिलं. तेच झालं. भाताची पेज दिली, तेच. प्रत्येक वेळी वाटायचं की आता संपलं.

डॉक्टर म्हणाले, "पातळ काही देऊ नका. घसा अर्धा गेलाय. पाणी फुप्फुसात उतरलं तर दोन दिवसांत खेळ आटोपेल."

"मग काय देऊ?" मी विचारलं.

"ओघळणार नाही असं काही. आणि चावावं लागणार नाही असं. गार असेल तर उत्तम, गार लागलं की घसा जागा होतो."

त्यांनी मांडीत सुईने मिठाचं पाणी सोडलं. ते टेंगळासारखं फुगून राहायचं आणि हळूहळू जिरायचं. "याच्यावर फार काळ काढता येणार नाही," ते म्हणाले. हे ते आप्पांसमोर म्हणाले. आप्पा खांबाला टेकून उभे होते. ते खाली बसले.

त्या उन्हाळ्याचं ऊन काय सांगू. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. आत्याबाईंची जीभ वाळून चामड्यासारखी झाली होती. ओठांना भेगा पडल्या होत्या. मी ओला कपडा ओठांवर फिरवायची आणि त्या तो कपडा ओठांनी धरून चोखायला बघायच्या. मी तो ओढून घ्यायची. तहानलेल्या माणसाच्या तोंडातून ओला कपडा ओढून घेणं काय असतं, ते मला कधी विसरता आलं नाही. त्या काहीतरी बोलायच्या. त्यातला एकच शब्द कळायचा.

"च्या."

"माय, च्या न्हाई देता येत गं," अक्का रडत म्हणायची. "ठसका लागतो."

"च्या," आत्याबाई म्हणायच्या.

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांना जेलीचं विचारलं. शाळेत आम्ही फळांच्या रसाची करायचो, तशी चहाची होईल का? डॉक्टरांचे डोळे चमकले. त्यांनी कपाटातून जिलेटिनचं पाकीट काढलं. कुठल्याशा मिशन हॉस्पिटलातून आणलेलं होतं. "हे घ्या. जमलं तर तुमच्या सासूबाई वाचतील."

पाकीट हातात घेताना मला आठवलं की ते कशापासून करतात. गृहशास्त्राच्या बाईंनीच सांगितलं होतं. हाडं आणि कातडी उकळून.

"डॉक्टरसाहेब, आमच्यात हे चालत नाही."

"चव नाही, वास नाही. त्यांना काय कळणार आहे?"

"मला कळेल."

"मग तुम्ही ठरवा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मी देवधर्मातलं सांगू शकत नाही. घशातलं सांगू शकतो."

पाकीट मी घरी आणलं. लपवलं नाही. ओसरीवर सगळ्यांच्या मधे ठेवलं आणि ते काय आहे ते सांगितलं. तुमचे आजोबा बराच वेळ पाकिटावरची इंग्रजी अक्षरं वाचत राहिले, जणू त्यात काही वेगळं लिहिलेलं सापडेल. अक्का उसळली.

"वैनी, तू मायच्या तोंडात हाडं घालायलीस? जल्मभर जिनं अंड्याचं टरफल दारात येऊ दिलं न्हाई, तिच्या?"

"मी घालत नाही. मी विचारते आहे."

"इचारायचं तरी कामून?"

"कारण त्या मरायला लागल्यात, अक्का."

आप्पांकडे सगळ्यांनी पाहिलं. "तिला बोलता आलं असतं तर काय म्हनली असती, हे मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "मी तिला फसवून जगवू कसा? ऱ्हाऊ दे ते." मग उपरण्याने तोंड झाकून बसले. मी पाकीट उचललं आणि दुसऱ्या दिवशी परत करायचं ठरवलं. खरं सांगते, उचलताना ते मला फार जड वाटलं. तहानेने वाळलेली ती जीभ एकटीने रोज पुसणारी मी होते, आप्पा नव्हते.

आता चायना ग्रास कसं आठवलं ते सांगते. जिलेटिनच्या धड्यानंतर आमच्या बाईंनी एकदा पांढऱ्या, केसांसारख्या काड्या वर्गात दाखवल्या होत्या. समुद्रातल्या वनस्पतीपासून करतात, उकळल्या की विरघळतात, गार झाल्या की थिजतात. हैदराबादला रमजानमध्ये मुसलमानांच्या घरी त्यांचा दुधातला गोड पदार्थ व्हायचा. मी मानवतच्या किराणा दुकानांत विचारून आले. कुणाकडे नव्हतं. एकाने मला साबुदाणा दाखवला.

आमच्या समोरच्या दारात एक म्हातारी मुसलमान बाई राहायची. सगळी गल्ली तिला खाला म्हणायची. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर त्या दाराचं आणि आमच्या दाराचं बोलणं कमी झालं होतं. भांडण नव्हतं, नुसतं कमी झालं होतं. मी रस्ता ओलांडून गेले आणि दारातच उभी राहून विचारलं.

"चायना ग्रास?" खाला म्हणाली. "है ना मेरे कने. रमजान की बची पडी है. कायकू होना तुमना?"

मी सांगितलं. ती आत गेली आणि कागदात गुंडाळलेला काड्यांचा जुडगा घेऊन आली. माझ्या हातात देताना थांबली.

"तेरे घर में चलता क्या मेरे हात का?"

"चालेल, खाला."

"घास है, घास. तुमारे स्वामी बी खा सकते," ती म्हणाली आणि हसली. मग तिचे डोळे भरून आले. "मेरे कू गाली देती थी तेरी सास, मेरी बकरी उसकी तुलसी खाती थी करके. उसकू बोल, जल्दी उठ के गाली दे."

घरी अक्काने जुडगा उलटसुलट पाहिला. "समुद्रातली घास? मंग मासे हेच खात असतील की."

"मासे पाणीपण पितात, अक्का."

ती चूल पेटवायला बसली.

पहिला चहा फसला. मी काड्या थोड्याच भिजवल्या, उकळत्या चहात टाकल्या आणि मोजमाप शाळेच्या वहीतलं धरलं. माठांच्या खालच्या ओल्या वाळूत वाटी रोवून ठेवली. थिजला तो इतका कडक की चमच्याने कापला की कडकन तुटायचा. त्याचे बारीक कण झाले. पहिल्या घासातला एक कण घशाच्या चुकीच्या बाजूला गेला आणि आत्याबाई पुन्हा निळ्या पडल्या. मी त्यांना पालथं करून पाठीवर मारत होते आणि अक्का माझ्या पाठीवर मारत होती. "मारलीस! मारलीस माझ्या मायला!" ती ओरडत होती. कण बाहेर आला. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. दार लावून घ्यावं आणि पुन्हा कधी बाहेर येऊ नये असं वाटत होतं.

दुसऱ्या वेळी काड्या निम्म्याहून कमी घेतल्या. भरपूर भिजवल्या, आधी नुसत्या पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत शिजवल्या, फडक्यातून गाळल्या, मग चहात मिसळल्या. हा थिजेचना. वैशाखाच्या दुपारी वाटीतला चहा संध्याकाळपर्यंत कोमटच होता. बर्फ मानवतला कुठला. तुमच्या आजोबांनी मानवत रोड स्टेशनपर्यंत सायकल मारली. हैदराबादहून येणाऱ्या गाडीतून कधी कधी लाकडाच्या भुशात गुंडाळलेला बर्फ उतरायचा. त्या दिवशी नव्हता. ते परत आले तेव्हा त्यांच्या टोपीतून घाम गळत होता आणि ते कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हते.

त्या वेळी मला सुचलं ते इतकं साधं होतं की आधी का सुचलं नाही याचा राग आला. वाटी खोल असते, म्हणून मधला चहा गार होत नाही. बशी उथळ असते. मी आत्याबाईंचीच बशी घेतली, तिच्यात बोटभर जाडीचा चहा ओतला, ती ओल्या वाळूवर ठेवली, वर तारेची जाळी आणि जाळीवर भिजवलेलं गोणपाट टाकलं. मागच्या दाराची झळ त्या गोणपाटातून गार होऊन खाली उतरत होती. गोणपाट वाळलं की पुन्हा शिंपडायचं. काही वेळाने बशी हलवून पाहिली. चहा हलला, पण सांडला नाही. मधोमध थरथरला आणि तसाच राहिला. चमच्याने उचलला तर मऊ, एकसंध, खरवसासारखा. मी थोडा जिभेवर ठेवला. गार होता, आणि चहाच होता.

अक्कानेही चाखला. "साखर कमी हाय," ती म्हणाली. त्या घरात कित्येक दिवसांनंतर कुणीतरी साखरेबद्दल तक्रार केली होती.

मी बशी घेऊन आत गेले. आत्याबाईंनी बशी ओळखली. डोळे तिच्यावर खिळले. मी चमचा ओठांशी नेला. त्यांनी दात आवळले.

मला वाटलं घाबरल्या असतील. मी चमचा पुन्हा नेला. त्यांनी मान फिरवली. अक्काने समजावलं, "माय, च्याच हाय, बग तुजा च्या." नाही. आप्पा येऊन बसले, त्यांनी चमचा धरला. नाही. दातांमधून घालायचा प्रयत्न केला तर डोळ्यांतून पाणी आलं. बशीतला चहा हळूहळू सुटून पाणी सोडायला लागला. मी नवा केला. तोही तसाच गेला.

डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांनी जगायचं मनातून काढलं असेल. असं होतं." त्या दिवशी मांडीत सोडलेलं पाणीही जिरत नव्हतं.

अक्का माझ्यावर तुटून पडली. "तुजं शाळेतलं थेर तिला नकोय. ती काय येडी हाय व्हय? तिला कळतंय हे काय तरी भलतंच हाय ते."

मला वाटलं ती खरं बोलते आहे. मला असंही वाटलं की आता काही करू नये, ओला कपडा तोंडात राहू द्यावा, चोखू द्यावा, आणि काय व्हायचं ते होऊ द्यावं. इतकी मी थकले होते.

आता एक गोष्ट, जी आम्ही सगळ्यांनी रोज पाहिली होती. आत्याबाई उजव्या हाताने आपला मेलेला डावा हात मनगटाला धरून उचलायच्या, पोटावर आणायच्या. तो घसरून पडायचा. पुन्हा उचलायच्या. आम्हाला वाटायचं त्या हातात कळा येत असतील. अक्का तिळाचं तेल कोमट करून तो हात चोळायची. एकदा आत्याबाईंनी तिचा तेलकट हात झिडकारला होता. आणि पूजेचं म्हणाल, तर गावातले जंगम स्वामी, म्हणजे आपले पुरोहित, पहिल्या दिवशीच येऊन गेले होते. त्यांनी सांगितलं होतं, आजाऱ्याला नेम नाही, मनात केलेलं पोचतं. त्यामुळे अक्का रोज सकाळी आईच्या कपाळाला विभूती लावायची, आणि आम्ही तो विषय संपला असं धरून चाललो होतो. त्यांच्या तोंडात काय जातं आणि काय जात नाही यावर आमच्या घरात इतका वाद झाला, पण त्यांना स्वतःला काय वाटतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

सकाळी मी माझी पूजा उरकून तशीच आत गेले. हात ओलेच होते. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि उजव्या हाताने माझा डावा हात पकडला. त्या हातात इतकी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी माझी मूठ उघडली आणि तळव्याच्या मधोमध बोट रोवलं. मग तेच बोट आपल्या छातीवरच्या डबीवर ठेवलं. पुन्हा माझ्या तळव्यात रोवलं.

मी ओरडलेच. "आप्पा! आप्पा, पूजा! यांची पूजा झालेली नाही!"

सगळे आत आले. मी सांगितलं की त्यांना लिंग तळव्यावर घ्यायचं आहे, आणि हात उचलत नाही; वाटीतला घास त्यांनी औषध म्हणून घेतला असेल, पण आपल्या बशीतला चहा पूजेशिवाय त्या घेणार नाहीत. माझा हात मी त्यांच्या हाताखाली धरते. अक्काने मधे हात घातला.

"आन् स्वामींना इचारल्याबिगर? तुजा हात खाली लागला तर ती पूजा मायची का तुजी?"

"अक्का, विचारायला वेळ नाही."

"ज्याचं लिंग त्यानंच..."

"गप," आप्पा म्हणाले. त्यांना मी मुलीवर आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं. "खाली हात कुनाचा का असंना. तळवा तिचाच हाय. धर गं पोरी तू."

आम्ही त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. अक्काने मागून पाठ धरली. मी माझा डावा हात त्यांच्या डाव्या हाताखाली घातला आणि त्यांची निर्जीव बोटं माझ्या बोटांवर पसरली. हात गार होता आणि फार जड होता. आप्पांनी डबी उघडून लिंग तळव्यावर ठेवलं. आत्याबाईंनी उजव्या हाताने पाण्याचे थेंब सोडले. बरेच बाहेर पडले, माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. विभूतीची तीन बोटं ओढताना हात थरथरत होता, तरी तिन्ही रेघा वेगळ्या उमटल्या. बेलाचं पान निसटलं, ते त्यांनी पुन्हा उचललं. ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते कळलं नाही. माझा खांदा भरून आला, पण मी हात हलवला नाही. खूप वेळ लागला.

मग त्यांनी स्वतः तोंड उघडलं.

आदल्या संध्याकाळचा चहा सुटला होता. मी नवा करायला धावले तर आप्पा म्हणाले, "थांब, ती दम धरंल." आणि त्यांनी धरला. चूल, चहा, गाळणं, वाळू, गोणपाट. सगळं होईपर्यंत त्या भिंतीला टेकून दाराकडे बघत होत्या. मी बशी आणली. पहिला चमचा अगदी अर्धा घेतला. हनुवटी खाली दाबायला सांगितली. जिभेवर ठेवला. घशाची हालचाल झाली. आम्ही सगळेच त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. ठसका आला नाही. मी दुसरा चमचा भरला. अर्धी बशी गेली.

"च्या," त्या म्हणाल्या. मग पुढे काहीतरी म्हणाल्या. अक्काने कान जवळ नेला आणि तिला रडतारडता हसू आलं.

"साखर कमी हाय म्हनायली."

इथे ही गोष्ट संपली असती तर मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. त्यानंतर रोज सकाळी मी हात धरायची आणि रोज तो चहा करायची. दुधाची, भाताच्या पेजेची, आंब्याच्या रसाचीही तशीच बशी थिजवायला शिकले. चायना ग्रास तुमचे आजोबा हैदराबादहून मागवायचे. आत्याबाई उठून बसू लागल्या, थोडं बोलू लागल्या. खालाच्या शेळीला त्यांनी एकदा शिवी दिली, ती खालापर्यंत पोचली. पण प्रत्येक चमचा देताना मी त्यांच्या गळ्यावर नजर ठेवायची. गिळल्याचं दिसेपर्यंत पुढचा चमचा भरायची नाही. तो उन्हाळा मी असा काढला आणि पावसाळाही. दिवसातून कितीदा तरी वाटायचं की याच चमच्याला होईल.

दिवाळीच्या आधी त्यांना ताप भरला. छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं फुप्फुसात जातच असणार, इतके महिने कशा टिकल्या याचं आश्चर्य आहे. मी त्यांना विचारलं नाही की कुठल्या चमच्याने गेलं. त्यांनीही सांगितलं नाही. शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी काही घेतलं नाही, आणि या वेळी कुणी आग्रह केला नाही. पूजा मात्र दोन्ही दिवस झाली.

आपल्यात जाळत नाहीत, पुरतात, हे तुम्हाला माहीत आहे. नेण्यापूर्वी भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात. स्वामींनी त्यांच्या डाव्या तळव्यावर लिंग ठेवलं आणि बोटं मिटवून वर कापड बांधलं. माझा हात सवयीने पुढे गेला. अक्काने तो धरून खाली घेतला आणि आपल्या हातात ठेवला. त्या दिवसानंतर तिने मला वैनी म्हणणं सोडलं आणि नावाने हाक मारायला लागली.

ते घर आता नाही. तिथे दुसऱ्या कुणाची दुकानं आहेत. आप्पा गेले, तुमचे आजोबा गेले, खाला तर फार आधीच गेली. त्या घरातली आता दोन माणसं उरली आहेत. अक्का वालूरला आहे, तिला नीट ऐकू येत नाही. आणि मी आहे.